गहू बंद झाल्यावर: चिरणारी पोळी, गिच्च ब्रेड आणि कमी पडणारं लोह

प्रश्न: माझ्या १४ वर्षांच्या मुलीला चार महिन्यांपूर्वी सिलिअ‍ॅकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचं, निदान झालं. तेव्हापासून तिचा गहू पूर्ण बंद आहे. तयार ग्लुटेन-फ्री पीठ आणते, पण त्याची पोळी लाटताना कडेने चिरते आणि डब्यात तासाभरात कडक होते. ब्रेड करून पाहिला. तो मस्त फुगला, पण ओव्हनमधून काढल्यावर मधोमध बसला आणि आतून गिच्च निघाला. आता ती वैतागून नुसता भात आणि बटाटा खाते. परवाच्या तपासणीत लोह कमी आलंय. घरात बाकी आम्ही तिघं गव्हाचंच खातो. तिला चवीचं आणि अंगी लागेल असं काय करून घालू? एक नातेवाईक म्हणतात, खपली गहू आणि आंबवलेला गव्हाचा ब्रेड या आजारात चालतो. हे खरं का?
– एक आई

उत्तर: ताई, सुरुवात त्या तयार पिठापासून करू, कारण तुमच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असावं. पाकिटाची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. अशा बहुतेक मिश्रणांत पहिल्या दोन-तीन जागा तांदळाचं पीठ आणि मक्याचा, टॅपिओकाचा किंवा बटाट्याचा स्टार्च यांनी अडवलेल्या दिसतील. स्टार्चला स्वतःची चव नसते, आणि लोह, तंतू, प्रथिनं त्यात नावापुरतीच. केकसाठी असं मिश्रण ठीक आहे. रोजच्या पोळीसाठी ते वापरायचं म्हणजे तोच भात आणि तोच बटाटा लाटून वाढायचा.

गव्हाच्या कणकेत पाणी पडलं की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं एकत्र येऊन ग्लुटेनचं जाळं विणतात. हे जाळं पीठ ताणू देतं, पाणी धरून ठेवतं आणि यीस्टचा वायू अडवतं. ही तिन्ही कामं तितक्याच चोख करणारा एकच पदार्थ दुसऱ्या कुठल्या पिठात नाही. तेव्हा कुठल्या पदार्थाला यातलं कुठलं काम लागतं ते बघायचं आणि तेवढ्यापुरता बदली गडी नेमायचा. भाकरीला वायू अडवायचा नसतो, नुसतं धरून राहायचं असतं. धिरड्याला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. ब्रेडला तिन्ही लागतात, म्हणून तो सगळ्यात अवघड. तुम्ही नेमकी तिथूनच सुरुवात केलीत.

आधी भाकरी बसवा. इथे बदली गडी म्हणजे उकळतं पाणी. २०० ग्रॅम बारीक दळलेलं ज्वारीचं पीठ घ्या. पातेल्यात २०० मिलिलिटर पाणी, पाऊण चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा तेल घालून खळखळून उकळा. आच मंद करून सगळं पीठ एकदम घाला, उलथन्याच्या दांड्याने अर्धा मिनिट ढवळा, गॅस बंद करा आणि घट्ट झाकण ठेवून दहा मिनिटं विसरून जा. ज्वारीचा स्टार्च साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगायला लागतो आणि चिकट होतो. हा चिकटपणाच पीठ बांधून ठेवतो. पाणी नुसतं गरम असेल तर पीठ भिजतं, पण बांधलं जात नाही. पोळी कडेने चिरण्याचं पहिलं कारण हे.

उकड परातीत काढून सोसवेल तितकी गरम असतानाच तळहाताच्या टाचेने चार-पाच मिनिटं रगडा. हात कोमट पाण्यात बुडवत राहा. एकूण एक ते दोन मोठे चमचे पाणी आणखी जिरतं. मग लिंबाएवढी गोळी दोन तळव्यांत दाबून बघा. कडेला भेगा पडल्या तर पाणी कमी आहे. इथे हात आपोआप कोरड्या पिठाकडे जातो, तो आवरा. गोळी बोटांना चिकटून सुटत नसेल तरच पीठ. उरलेला गोळा ओल्या फडक्याखाली ठेवा, कारण वरची साल सुकली की लाटताना तिथेच तडा जातो. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवा आणि ते पाणी दिसेनासं होताच उलटा. पाणी पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर पापुद्रा चिरतो आणि भाकरी फुगत नाही.

डब्यातल्या कडकपणाचं कारण वेगळं. शिजलेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट होतो आणि धरलेलं पाणी सोडतो. फ्रिजच्या तापमानाला हे सगळ्यात वेगाने घडतं, म्हणून भाकरी असो की ब्रेड, फ्रिजमध्ये ठेवू नका. डब्याच्या भाकरीसाठी कोरड्या पिठात दोन चहाचे चमचे (सुमारे ४ ग्रॅम) इसबगोलाची भुसी मिसळा आणि पाणी ३० ते ४० मिलिलिटरने वाढवा. भुसी आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरते आणि सहजी सोडत नाही. ती उकळत्या पाण्यात थेट टाकली तर गुठळ्या होतात, म्हणून आधी पिठात. भाकरी गरम असतानाच फडक्यात गुंडाळून डब्यात भरा. भुसी औषधांच्या शोषणात अडथळा आणू शकते, त्यामुळे मुलगी थायरॉइडची किंवा लोहाची गोळी घेत असेल तर गोळी आणि भुसी घातलेलं जेवण यांत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा.

पिठाचं वयही बघा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि मग कितीही मळलं तरी भाकरी तुटते. दोन आठवड्यांत संपेल एवढंच दळा. बाजरीचं पीठ आठवडाभराचंच, तेही हवाबंद डब्यात आणि फ्रिजमध्ये. दळल्यावर त्यातली मेदद्रव्यं झपाट्याने बिघडतात आणि पीठ कडवट होतं. बऱ्याचदा लोक बाजरीच्या चवीला नावं ठेवतात तेव्हा दोष त्या शिळ्या पिठाचा असतो.

भाकरी हाताखालची झाली की पीठ मिसळायला घ्या. तीन भाग ज्वारी आणि एक भाग दुसरं काही: नाचणी, राजगिरा, बाजरी किंवा बेसन. राजगिरा पावभागाच्या पुढे गेला की गोळा चिकट होतो आणि मातकट वास पुढे येतो. नाचणी पाणी जास्त मागते. बेसन वाढवलं तर भाकरी मंद आचेवर जास्त वेळ भाजावी लागते, नाहीतर कच्चट लागते.

आता लोह. सिलिअ‍ॅकमध्ये इजा होते ती लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, आणि लोह प्रामुख्याने तिथेच शोषलं जातं. म्हणून आतडं भरून येईपर्यंत नुसत्या आहारावर भिस्त ठेवू नका. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असेल तर ती चालू राहू द्या. फोलेट, बी१२ आणि ड जीवनसत्त्व तपासलं नसेल तर तेही विचारून घ्या, कारण या आजारात तेही कमी आढळतं. आहाराकडून दोन गोष्टी हव्यात: धान्यात लोह असणं आणि ते अंगाला लागणं. राजगिरा आणि बाजरीत लोह चांगलं आहे, पण सगळ्याच अख्ख्या धान्यांत फायटेट असतं, ते लोह आणि कॅल्शियम बांधून ठेवतं. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं म्हणून सगळे तिचं कौतुक करतात, पण फायटेटची वजाबाकी कुणी सांगत नाही. भिजवणं, मोड आणणं आणि आंबवणं यांनी फायटेट कमी होतं. जेवणात लिंबू, पेरू, टोमॅटो किंवा भोपळी मिरचीसारखं क जीवनसत्त्व असेल तर लोह जास्त शोषलं जातं. चहा-कॉफी मात्र जेवणाच्या आधी-नंतर तासभर लांब ठेवा. भात बंद करायचं कारण नाही, फक्त तिन्ही त्रिकाळ नको. तांदूळ इतर धान्यांपेक्षा जमिनीतलं आणि पाण्यातलं आर्सेनिक जास्त ओढतो, म्हणून भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी ओतून टाकलेला भात बरा, आणि धान्यं आलटून पालटून खाणं त्याहून बरं.

पोषण आणि चव दोन्ही एका फेरीत साधायची तर आंबवलेलं पीठ करा. ३०० ग्रॅम ज्वारी १० ते १२ तास भिजवा. १०० ग्रॅम उडीद डाळ आणि एक चहाचा चमचा मेथ्या वेगळ्या, चार-पाच तास. डाळ गार पाणी घालत हलकी, फुगेपर्यंत वाटा. मिक्सर तापला तर थांबा. ज्वारी किंचित रवाळ ठेवा. दोन्ही हाताने एकत्र करा. पीठ डावातून सलग पडायला हवं, पण पाण्यासारखं वाहू नये. ३० अंशांच्या आसपास ८ ते १२ तासांत ते दीडपट होतं, थंडीत १६ तासही लागतात. ब्रेडमध्ये जे काम ग्लुटेन करतं, वायू अडवण्याचं, ते इथे उडदाचा बुळबुळीतपणा करतो. पीठ आंबट झालं पण वर आलं नाही, तर एकतर डाळ जुनी होती किंवा पाणी जास्त पडलं. वायू तयार झाला आणि निसटला. असं पीठ फेकू नका, पातळ धिरडी घाला. चांगलं वर आलेलं पीठ साच्यात घालून १२ मिनिटं वाफवा किंवा जाडसर धिरडी घाला. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं.

घाईच्या सकाळी १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, ५० ग्रॅम बेसन, दोन मोठे चमचे दही आणि पाऊण चहाचा चमचा मीठ, वर अडीचशे ते तीनशे मिलिलिटर पाणी. २० मिनिटं थांबा. हे थांबणं गाळू नका. पीठ पाणी पिईपर्यंत वेळ दिला नाही तर धिरडं उलटताना तुटतं आणि दाताखाली रेतीसारखं लागतं. किसलेलं गाजर, बारीक चिरलेली पालेभाजी, तीळ, लसूण, हवं ते घाला. पहिलं धिरडं तव्याला चिकटलं तर तवा पुरेसा तापलेला नाही.

चवीसाठी आणखी दोन गोष्टी करता येतात. नाचणी, राजगिरा आणि बेसन ही पिठं जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सहा-आठ मिनिटं कोरडी भाजा, कच्चा वास जाऊन खमंग वास येईपर्यंत. बिस्किटं, केक, सूप, धिरडी यांत भाजलेल्या पिठाने सगळा नूर पालटतो. दुसरं मीठ: दर १०० ग्रॅम पिठाला दीड ते दोन ग्रॅम. चवीपुरतं म्हणून चिमूटभर घातलं तर स्टार्च ते गिळून टाकतो. आंबटपणा, म्हणजे दही किंवा लिंबू, हाताशी असू द्या.

ब्रेडकडे वळू. तुमचा ब्रेड फुगून बसला, म्हणजे तो जास्त वेळ फुगवला गेला. ग्लुटेन-फ्री ब्रेडमध्ये जाळं नसतं, इसबगोलाच्या भुसीसारख्या पदार्थाचा जेल असतो, आणि तो एका मर्यादेपलीकडे ताणला जात नाही. आतून गिच्च निघाला तो कमी भाजल्याने किंवा गरम असताना कापल्याने. आता वजनकाटा काढा. कपाने मोजू नका, कारण प्रत्येक पीठ कपात वेगळ्या वजनाचं बसतं. ज्वारीचं पीठ १४० ग्रॅम, तांदळाचं ८०, टॅपिओका किंवा बटाट्याचा स्टार्च १२०. इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर १५, मीठ ७. दुसऱ्या भांड्यात ३९० मिलिलिटर कोमट पाण्यात (४० अंशांच्या वर नको) २० ग्रॅम इसबगोलाची भुसी फेटत फेटत घाला आणि पाच मिनिटं ठेवा. घट्ट जेल होईल. त्यात २० मिलिलिटर तेल आणि दोन चहाचे चमचे लिंबाचा रस. मग कोरडं मिश्रण घालून कुठेही पांढरा ठिपका दिसेनासा होईपर्यंत मळा. गोळा ओलसर, मऊ आणि थोडा चिकट असतो. गव्हाच्या कणकेसारखा वाटावा म्हणून पीठ वाढवलंत की ब्रेड विटेसारखा होतो.

फुगवायचं एकदाच. गोळ्याला हाताने आकार देऊन तेल लावलेल्या साच्यात ठेवा, ओल्या फडक्याने झाका, उबदार जागी ४५ ते ६० मिनिटं. दुप्पट होऊ देऊ नका, दीडपट झाला की आत. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश अर्धा भरून यायला हवा. अजिबात भरत नसेल तर वेळ होऊन गेली. २२० अंशांना तापवलेल्या ओव्हनमध्ये २० मिनिटं, मग २०० अंशांवर आणखी ४०. वरची बाजू फार तांबूस झाली तर फॉइल झाका, पण बाहेर काढू नका. झाला की नाही हे रंगावर ठरवू नका, वजन करा. कच्चा गोळा ८०० ग्रॅमच्या जवळपास भरतो, भाजलेला ब्रेड ७०० च्या खाली आला पाहिजे. नाहीतर साच्यातून काढून नुसताच दहा मिनिटं आत ठेवा. मग जाळीवर किमान दोन तास. आतला स्टार्च अजून बसत असतो. आधी सुरी घातली तर नीट भाजलेला ब्रेडही गिच्च निघेल. त्याच दिवशी काप करून फ्रीझरमध्ये टाका आणि लागतील तसे थेट टोस्ट करा.

केक-बिस्किटांना ग्लुटेन फारसं नकोच असतं, अंडं असेल तर पीठ बांधायला झँथनसारखा गमही लागत नाही. पीठ कालवून अर्धा तास ठेवा, तांदळाची रवाळ कचकच जाते. रस्सा किंवा व्हाइट सॉस दाट करायला कपभर दुधाला एक मोठा चमचा तांदळाचं पीठ, मैद्यासारखंच लोण्यावर परतून.

मात्र हे सगळं नीट करूनही घरातली गव्हाची कणीक घात करू शकते. ग्लुटेन-फ्री म्हणण्याची कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेन आहे. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेलं तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते, आणि गव्हाच्या ब्रेडच्या एका कापात ते ग्रॅमच्या हिशोबात असतं. म्हणजे टोस्टरच्या तळाचा चुरा पुरेसा आहे. भाजण्या-तळण्याने ग्लुटेन नष्ट होत नाही. तिच्यासाठी चाळणी, पोळपाट-लाटणं, लाकडी उलथनं आणि टोस्टर वेगळं ठेवा. चाळणीच्या जाळीत आणि लाकडाच्या भेगांत बसलेलं पीठ धुऊन निघत नाही. स्टीलची भांडी साबणाने घासली की पुरे. मिक्सरच्या भांड्याची रबरी चकती काढून धुवा. लोणी-जॅमची बाटली तिची वेगळी. तिचा स्वयंपाक आधी, गव्हाची कणीक नंतर, कारण उडालेलं पीठ बराच वेळ हवेत राहून मग उघड्या भांड्यांवर बसतं. गहू दळणाऱ्या गिरणीत ज्वारी दळू नका; ग्लुटेन-फ्री छापलेलं पीठ घ्या किंवा फक्त तिच्या धान्यासाठी घरी छोटी चक्की ठेवा. मसूर आणि अख्खी धान्यं ताटात पसरून निवडा, त्यांत गव्हाचा दाणा सर्रास सापडतो.

लपलेल्या गव्हासाठी एवढं बघा: खड्याच्या नसलेल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, साध्या सोया सॉसमध्ये गहू, आणि माल्ट म्हणजे बहुधा जव, त्यातही ग्लुटेन असतं. ओट्स ग्लुटेन-फ्री छाप असलेलेच, तेही डॉक्टरांना विचारून. काहींना ते तसेही सोसत नाहीत.

तुमच्या नातेवाइकांना सांगा, खपली हाही गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. बल्गर, कुसकुस, रवा, लापशी, स्पेल्ट सगळं त्याच घरातलं. आंबवल्याने गव्हाच्या ब्रेडमधलं काही ग्लुटेन तुटतं, पण सुरक्षित म्हणण्याइतकं नाही. कुट्टू मात्र तिला चालेल, तो गव्हाच्या कुळातला नाही, फक्त पीठ स्वच्छ दळलेलं हवं.

आणि तुम्ही तिघं तिच्याबरोबर लगेच गहू सोडायच्या विचारात असाल तर जरा थांबा. सिलिअ‍ॅक रुग्णाच्या आई-वडिलांना आणि सख्ख्या भावंडांना हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, आणि काहीही त्रास नसताना तो असू शकतो. त्यासाठीची रक्ततपासणी, टीटीजी-आयजीए, गहू खाण्यात असतानाच खरी येते. आधी तिघांची ती करून घ्या, मग काय सोडायचं ते ठरवा. मुलीची तीच तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा होईल. तिचा आकडा उतरत नसेल तर पहिला संशय पोळपाट, चाळणी आणि हिंगाच्या डबीवर घ्या.